साक्यावर 'साकोझिम्ब्रॉल' चालतं का?

प्रश्न : हापूसला 'साकोझिम्ब्रॉल' फवारलं की फळात साका (पिकल्यावर आतला गर पांढुरका, स्पंजासारखा होणं) होत नाही, असा मेसेज फिरतोय. खरं का? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : नाही, असं द्रव्यच नाही. अनोळखी नाव आलं की विक्रेत्याकडे लेबल मागा. कीटकनाशक म्हणून विकत असतील तर त्यावर घटकाचं नाव, प्रमाण आणि नोंदणी क्रमांक हवाच. मुळात साका किडीने किंवा बुरशीने होत नाही, मग कीटकनाशकाचा किंवा बुरशीनाशकाचा फवारा मारायचा कशावर? जमिनीची उष्ण झळ आणि झाडावर जास्त पक्व झालेलं फळ, ही मुख्य कारणं. म्हणून चौदा आणे (सुमारे ८५ टक्के) तयार झालेलं फळ सकाळीच देठासकट उतरवा, कलमांखाली वाळल्या गवताचं आच्छादन घाला. काढलेले आंबे तापल्या कातळावर तर मुळीच ठेवू नका.