व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकतोस? आधी लायसन्सचं बघ

भाऊ, व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर. त्यात पहिली गोष्ट: लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज सहसा ओईएम लायसन्सचं असतं, म्हणजे त्याच यंत्राला बांधलेलं. व्हर्च्युअल मशीनला वेगळं रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं लायसन्स लागतं. नवीन माणूस नेमका इथेच चुकतो आणि मग स्वस्तातली की (लायसन्सचा कोड) शोधत फिरतो. मीही सीताबर्डीच्या एका दुकानातून आणली होती, चिठ्ठीवर पेनाने लिहिलेली २५ अक्षरं. दोन महिन्यांत ॲक्टिव्हेशन (लायसन्स खरं असल्याची मायक्रोसॉफ्टची मान्यता) गेलं, पैसेही बुडाले. तू त्या वाटेला जाऊच नको.

सुरुवातीला एवढंच कर:

- आयएसओ फाइल (विंडोज बसवायची फाइल) मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घे. डाउनलोड फुकट आहे, पैसे लायसन्सचे लागतात.
- नुसतं शिकायचं असेल तर विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती पुरते. उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमने भागत असेल तर लायसन्सचा प्रश्नच नाही.
- विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं. व्हर्च्युअलबॉक्स ७ (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) मध्ये टीपीएम सेटिंगमधूनच मिळतं.

विकतची की मात्र मशीन नीट बसल्यावरच टाक. नंतर मशीनची कॉपी केलीस किंवा रचना फार बदललीस, तर विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं. कुठे अडलास तर स्क्रीनवरचा एरर कोड जसाच्या तसा पाठव, बघू आपण.