गॅस आणि वीज पोहोचूनही ग्रामीण वांशिक अल्पसंख्याक कुटुंबे लाकूडफाटाच का जाळतात?

याचे उत्तर केवळ ‘परंपरा’ असे देणे मला अपुरे वाटते. ही कुटुंबे पुष्कळदा डोंगराळ किंवा वनालगतच्या वस्त्यांत राहतात. तेथे लाकूड पैसे न मोजता मिळते, तर सिलिंडरसाठी एकरकमी रोख आणि दूरवरची वाहतूक लागते, आणि शेती किंवा वनोपजावर चालणाऱ्या घरात रोख रक्कम वर्षभर सारखी हाती नसते. त्यातच जमिनीची वा निवासाची कागदपत्रे नसणे, अनुदानाचे अर्ज परक्या भाषेत असणे, या अडचणी उत्पन्न तेवढेच असलेल्या बहुसंख्याक शेजाऱ्यांना सहसा येत नाहीत.

दुसरे कारण चुलीच्या कामांत आहे. थंड प्रदेशात एकाच आगीवर स्वयंपाक होतो, घर उबदार राहते, धान्य वा मांस वाळते आणि जनावरांचे खाद्यही शिजते. गॅसची शेगडी यांपैकी फार तर स्वयंपाकाचे काम सोयीने करते. म्हणून नवे इंधन आले तरी जुने जात नाही, दोन्ही शेजारी नांदतात, आणि घरात सिलिंडर आहे एवढ्यावरून लाकडाचा वापर थांबला असे मानणारी सरकारी आकडेवारी फसवी ठरते.

साध्या उघड्या चुलीत लाकडातील ऊर्जेचा जेमतेम १० ते १५ टक्के भाग भांड्यापर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यामुळे धुराडे असलेली सुधारित चूल आणि घराचे उष्णतारोधन, म्हणजे आतली ऊब बाहेर जाऊ न देणाऱ्या भिंती-छपराची सोय, यांवरील खर्च, निदान थंड भागात, नुसत्या गॅसजोडणीपेक्षा मला अधिक उपयोगी वाटतो.