होम डिरेक्टरी जोडली जात नाही? आधी एवढं बघ

घाबरू नकोस, लिनक्सवर युजरचा स्वतःचा फोल्डर, म्हणजे होम डिरेक्टरी, सर्व्हरवरून जोडताना सुरुवातीला सगळ्यांचं इथंच अडतं. होमचा मुख्य फोल्डर रिकामा दिसला म्हणून ऑटोएफएस (सर्व्हरवरचे फोल्डर आपोआप जोडणारी सर्व्हिस) बिघडलं असं समजू नकोस. मागितल्याशिवाय ते काही जोडत नाही. थेट युजरच्या नावाच्या फोल्डरात 'सीडी' कमांडनं शिरून बघ.

तरीही नाही? मग मॅप फायलींना (कुठला फोल्डर कुठून जोडायचा हे त्यांत लिहिलेलं असतं) हात लावण्याआधी तोच एनएफएस शेअर (सर्व्हरनं नेटवर्कवरून वाटलेला फोल्डर) हातानं दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर माउंट कर, म्हणजे जोड. तेही जमलं नाही तर दोष ऑटोएफएसचा नाही; नेटवर्क, फायरवॉलमधलं २०४९ पोर्ट आणि सर्व्हरची एक्सपोर्ट यादी (कोणता फोल्डर कुणाला द्यायचा ती) बघ. फोंड्यातल्या आमच्या लॅबमध्ये पावसात लाइट जाऊन आली की पीसी सर्व्हरच्या आधी उठायचे आणि लॉगिन केल्यावर पोरांना होम डिरेक्टरीच सापडायची नाही. सर्व्हर चालू झाल्यावर ऑटोएफएस रीस्टार्ट केलं की काम व्हायचं.

हातानं जमतंय, तर चूक मॅपमध्ये. सर्व्हिस थांबव, 'ऑटोमाउंट'ला एफ आणि व्ही हे पर्याय लावून टर्मिनलमध्येच चालव आणि दुसऱ्या टर्मिनलमधून फोल्डर उघड. काय बिनसलं ते डोळ्यांसमोर छापून येतं.

'परमिशन डिनाइड' आलं तर ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मुळीच करू नकोस, दोन्हीकडचे युजर आयडी ताडून बघ. केर्बेरॉस (ओळख पडताळणारी यंत्रणा), एलडॅप (युजरांची मध्यवर्ती यादी) हे सगळं नंतर. आणि एक लोकल अ‍ॅडमिन खातं ठेवच, त्याचं होम मात्र ऑटोएफएसच्या फोल्डरबाहेर, म्हणजे जोडणी बिघडली तरी तुला आत शिरता येईल.