डोळ्याच्या कडेला विजेसारखं चमकतं, दुखत मात्र नाही. नाशिकमध्ये कोणाला दाखवू?

दुखत नाही म्हणून थांबू नका. पडद्याला, म्हणजे रेटिनाला, वेदना कळतच नाही. डोळ्याच्या आत जेलीसारखा द्रव असतो. पन्नाशीनंतर (मोठा मायनस नंबर असेल तर आधीही) तो आकसून पडद्यापासून सुटू लागतो. सुटताना पडदा ओढला जातो आणि मेंदूला ती ओढ प्रकाश म्हणून कळते. बहुतेकदा एवढंच असतं. पण काहींच्या पडद्याला त्या ओढीने चीर पडते, आणि ते बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.

त्यामुळे चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून भागणार नाही. नेत्रतज्ज्ञांकडे, शक्यतो रेटिनावाल्यांकडे, आज-उद्यातच जा आणि फोनवरच ‘चमकतंय’ असं सांगा, म्हणजे पुढच्या आठवड्याची वेळ देणार नाहीत. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे.

बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसतं. माझी आई स्कूटीवर गेली होती; द्वारका चौकातून परत चालवत येणं शक्यच नव्हतं, शेवटी रिक्षा केली. सोबत कोणाला तरी न्या.

चीर वेळेत सापडली तर बहुधा लेझरवर निभावतं. पडदा सुटला तर ऑपरेशन. अचानक काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली सरकत आली, तर रात्र असली तरी निघा.

दोन्ही डोळ्यांत नागमोडी चकाकी येऊन अर्ध्या तासात जात असेल तर ती मायग्रेनची असू शकते. पण तेही डॉक्टरांनाच ठरवू दे.