अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) कायदा एकच, मग शिक्षा जिल्ह्यागणिक वेगळी का?

कायदा एकच असला तरी फेडरल न्यायालयांचे जिल्हे 94 आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचे न्यायाधीश आणि सरकारी वकील वेगळे. 1987 पासून शिक्षेचा तक्ता आहे: गुन्हा जितक्या वरच्या पायरीचा आणि आरोपीचा आधीचा गुन्हेगारी इतिहास जितका मोठा, तितकी शिक्षा जास्त. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बुकर खटल्यातल्या निकालाने तो बंधनकारक न राहता सल्ल्यापुरता उरला.

पण माझ्या मते खरी मेख सरकारी वकिलांच्या हातात आहे. हद्दपारीनंतर पुन्हा देशात शिरल्याचा गुन्हा घ्या. सॅन दिएगोत लवकर गुन्हा कबूल केला की चार पायऱ्यांपर्यंत सूट मिळे, शिकागोत ही योजनाच नव्हती. तक्त्यात चार पायऱ्या खाली म्हणजे, उदाहरणार्थ, 57 ते 71 महिन्यांऐवजी 37 ते 46. पकडलं कुठे, एवढ्यावरून जवळपास दोन वर्षं जास्त! हे उघड अन्यायाचं होतं. 2012 मध्ये ही सवलत सगळ्या जिल्ह्यांना लागू झाली.