शिकवणे, पढवणे, माणसाळवणे

प्राण्यांच्या भाषाशिक्षणावरील एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने पुढील वाक्य पाठवून त्यातील शब्दयोजनेविषयी विचारणा केली आहे : 'शास्त्रज्ञांनी वाशो नावाच्या माकडिणीला मूकबधिरांची भाषा शिकवली.' त्यांची खरी शंका शेवटच्या क्रियापदाविषयी आहे. त्यांच्या एका स्नेह्यांच्या मते येथे 'पढवली' हेच क्रियापद शोभते, कारण जनावराने केलेले अनुकरण म्हणजे शिकणे नव्हे. प्रश्न मार्मिक आहे. मात्र क्रियापदाकडे वळण्याआधी त्याच्या अलीकडचे दोन शब्द तपासले पाहिजेत, कारण काय शिकवले आणि कोणाला शिकवले हे ठरल्याखेरीज 'शिकवले' की नाही हे ठरवता येणार नाही.

'माकडीण' हा शब्द तर सरळ चुकीचा आहे. वाशो ही चिंपांझी होती. बोलीभाषेतील माकड आणि वानर हे दोन्ही प्राणी शेपटीचे. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांना शेपूट नसते व ते वेगळ्या गटात मोडतात. या गटासाठी शास्त्रीय मराठीत 'कपी' किंवा 'मानवसदृश कपी' असा शब्द योजतात. संस्कृतात कपी म्हणजेही माकडच, हे अर्जुनाच्या 'कपिध्वज' या नावावरून दिसतेच. पण पारिभाषिक शब्दाला आपण नेमून दिलेला अर्थ चालतो. या वाक्यात नुसते 'चिंपांझी' लिहिले तरी भागेल.

'मूकबधिरांची भाषा' या शब्दप्रयोगात अधिक गुंतागुंत आहे. ज्यांच्याकडे स्वतःची भाषा आहे त्यांना मूक म्हणणे हा विरोध तर त्यात आहेच, शिवाय ती भाषा जगभर एकच असल्याचा भासही त्यातून होतो. वाशोच्या वेळी निवडलेली भाषा अमेरिकी संकेतभाषा होती. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की या भाषेतील प्रत्येक खूण हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल अशा घटकांची बनलेली असते, म्हणजे बोलभाषेत शब्द जसे ध्वनींचे बनतात तशी. म्हणून 'खुणांची भाषा' म्हटल्याने तिला कमीपणा येतो आणि 'सांकेतिक भाषा' म्हटल्याने गुप्त संदेशांची लिपी डोळ्यांपुढे येते. 'संकेतभाषा' हा शब्द मला त्यातल्या त्यात निर्मळ वाटतो. कोणी 'करपल्लवी' हा जुना, देखणा शब्द सुचवील. पण करपल्लवीत हाताच्या मुद्रांनी आणि बोटांनी अक्षरे दाखवतात, म्हणजे ती बोलभाषेचीच हातावरची लिपी आहे. संकेतभाषेला बोलभाषेची अशी गरज नसते. एक गोष्ट येथे नोंदवून ठेवावीशी वाटते. १८८० च्या मिलान परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षणातून संकेतभाषा हद्दपार करण्याचे ठराव झाले, त्यांचा प्रभाव अनेक शाळांवर पुढे कित्येक दशके टिकला, आणि १९६६ मध्ये एका चिंपांझीच्या पिल्लाला जी भाषा कौतुकाने शिकवायला घेतली गेली, तीच वापरण्याची मोकळीक असंख्य कर्णबधिर मुलांना तेव्हा शाळेत नव्हती.

आता क्रियापद. 'शिकवणे' हे 'शिकणे'चे प्रयोजक रूप आहे आणि त्यात शिकणाऱ्याचा वाटा गृहीत धरलेला असतो. 'पढवणे' हे 'पढणे'पासून आलेले असले, तरी आज 'पढणे' फारसे स्वतंत्रपणे वापरात नाही. ते 'पढतमूर्ख', 'पढिक' अशा शब्दांत उरले आहे आणि त्याला पोकळ विद्येचा वास आहे. पढवलेला पोपट आणि पढवलेला साक्षीदार यांच्यात साम्य असे, की शब्द त्यांच्या तोंडी असतात पण हेतू दुसऱ्याचा असतो. 'तुला हे कोणी पढवले?' असे आपण विचारतो तेव्हा दोष बोलणाऱ्यापेक्षा पढवणाऱ्याकडे अधिक जातो, ही या शब्दाची खुबी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या कसोटीवर प्रयोगांकडे पाहावे. आधीच्या प्रयत्नांत माणसांनी कपींना वाचा देऊ पाहिली होती. हेज दांपत्याने घरी वाढवलेली विकी ही चिंपांझी मोठ्या कष्टाने चारच शब्द कसेबसे उच्चारू शकली. त्यावरून धडा घेऊन ॲलन आणि बिॲट्रिक्स गार्डनर यांनी नेव्हाडा राज्यातील रीनो येथे १९६६ मध्ये वाशोशी फक्त हातांनी बोलायला सुरुवात केली. तिच्यासमोर कोणी तोंडाने बोलत नसे. कधी तिचे हात धरून त्यांना आकार दिला जाई, कधी खूण करून दाखवली जाई. तिने एखादी खूण योग्य प्रसंगी, आपण होऊन केल्याचे तीन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवले आणि ती सलग १५ दिवस दिसत राहिली, तरच ती खूण तिला आली असे मानत. १९६९ मध्ये त्यांनी पहिला अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा २२ महिन्यांत सुमारे ३० खुणा या चाळणीतून उतरल्या होत्या. पुढे हा आकडा १३० च्या आसपास गेला. पोपट कुत्र्याकडे पाहूनही 'विठू विठू'च म्हणतो. वाशो कुत्रा पाहून कुत्र्याची खूण करी. येथे 'पढवणे' अपुरे पडते.

दुसऱ्या बाजूला निम आहे. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी न्यूयॉर्कमध्ये वाढवलेल्या या चिंपांझीचे 'निम चिम्प्स्की' हे नाव म्हणजे भाषा ही केवळ माणसाची असे मानणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांना काढलेला चिमटा होता. निमला सव्वाशे खुणा आल्या. पण चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहताना टेरेस यांच्या लक्षात आले, की निमच्या पुष्कळशा खुणा शिक्षकाने क्षणभर आधी केलेल्या खुणांचे प्रतिध्वनी आहेत आणि खुणांची संख्या वाढली तरी त्यांची वाक्ये होत नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच्याच आशेविरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध केला, ही शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाची बाब आहे. मात्र गार्डनर यांच्या बाजूचे लोक म्हणत, की निमकडे चार वर्षांहून कमी काळात साठच्या आसपास शिक्षक आले-गेले, त्याला एका लहानशा खोलीत तालीम दिली गेली, आणि ज्याला पढवले तो पोपट झाला यात नवल काय. म्हणजे 'पढवणे' हा शब्द निमच्या बुद्धीचे वर्णन आहे की त्याच्या शाळेचे, हा वाद आपल्या प्रश्नाच्या पोटातच आहे.

निमची सर्वांत लांब नोंदलेली उक्ती १६ खुणांची आहे : 'दे संत्रे मी दे खा संत्रे मी खा संत्रे दे मी खा संत्रे दे मी तू'. येथे अनुवादकाने सावध राहावे. 'मी' आणि 'मला' यांसाठी निम एकच खूण करी, स्वतःकडे बोट दाखवण्याची. मराठीत 'मला संत्रे दे' असे लिहिताच आपण त्याला चतुर्थी विभक्ती बहाल करतो आणि जे सिद्ध व्हायचे आहे ते प्रत्ययाच्या वाटेने गुपचूप आत येते. तीच गोष्ट समासाची. वाशोने हंस पाहून 'पाणी' आणि 'पक्षी' अशा दोन खुणा एकापाठोपाठ केल्या, असे वाशोच्या चमूतील रॉजर फाउट्स यांनी सांगितले आहे. तिने नवा शब्द घडवला असे काहींनी म्हटले. आक्षेपक म्हणाले, समोर पाणीही होते आणि पक्षीही होता. 'पाणकोंबडी', 'पाणघोडा' यांची सवय असलेला मराठी लेखक सहज 'पाणपक्षी' लिहून जाईल आणि त्या एका 'पाण'ने वाद निकालात काढील. अशा जागी खुणा सुट्या, प्रत्ययाविना लिहाव्यात, वाचायला त्या ओबडधोबड वाटल्या तरी. वाशोच्या चमूतील एका कर्णबधिर सहकाऱ्याची मातृभाषाच संकेतभाषा होती. त्याने पुढे सांगितले, की ऐकू येणारे सहकारी खुणांच्या लांबच लांब नोंदी करीत, आपल्याला मात्र तेवढ्या खुणा दिसत नसत. अर्थ भरण्याची ही घाई मराठी अनुवादापर्यंत पोहोचू नये.

माझ्या मते 'शिकवणे' आणि 'पढवणे' यांच्यापेक्षा 'मागणे' आणि 'सांगणे' ही जोडी या विषयात अधिक प्रकाश टाकते. लहान मूल दोन-तीन शब्द येताच काही मिळवायचे नसतानाही बोलते. 'चांदोबा' म्हणते, तेव्हा त्याला चांदोबा हवा असतोच असे नाही, तो दिसला एवढे कोणाला तरी सांगायचे असते. कपींच्या नोंदलेल्या खुणांत खाऊ, गुदगुल्या, दार उघडणे, मिठी अशा मागण्या फार आणि निव्वळ सांगणे फार थोडे. म्हणून 'भाषा शिकवली' हे जास्तीचे बोलणे होते आणि 'भाषा पढवली' हेही, कारण दोन्हींत कर्म 'भाषा' हेच राहते. दुरुस्ती क्रियापदात नव्हे, कर्मात करायला हवी : 'चिंपांझी वाशोला अमेरिकी संकेतभाषेतील खुणा शिकवल्या.' क्रियापद 'शिकवल्या' हेच राहू द्यावे.

येथे 'उचलणे' या क्रियापदाचीही आठवण ठेवावी. कांझी हा बोनोबो त्याची पालक आई मताता हिला चिन्हफलक (ज्यावरचे प्रत्येक चिन्ह म्हणजे एक शब्द) शिकवला जात असताना भोवती बागडत होता, आणि तिला जे साधले नाही ते त्याने कोणी न शिकवता उचलले. पुढे संशोधक सू सॅव्हेज-रंबॉ यांनी त्याला ६६० इंग्रजी वाक्यांतून सूचना दिल्या, तेव्हा सुमारे ७२ टक्के वेळा त्याने बरोबर कृती केली. कांझीविषयी 'शिकवला' लिहिले तर प्रसंगातले मर्मच जाते. तसेच लूलिसचे. वाशोच्या या दत्तक पिल्लासमोर माणसांनी सात खुणांपलीकडे एकही खूण करायची नाही असा दंडक पाच वर्षे पाळला गेला, तरी त्याला पन्नासहून अधिक खुणा आल्या. त्याचा हात धरून वाशो खुणेचा आकार देई, असे फाउट्स यांनी नोंदवले आहे. तेथे 'शिकवले' या क्रियापदाचा कर्ता चिंपांझी आहे.

शिवाय, खुणा कपींकडे नव्हत्या असेही नाही. युगांडातील बुडोंगो जंगलातील चिंपांझींच्या निरीक्षणांतून कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी २०१४ मध्ये ६६ हावभाव आणि त्यांतून साधले जाणारे १९ हेतू मांडले. म्हणून नुसते 'खुणा शिकवल्या' लिहू नये. कोणाच्या खुणा हे लिहावे.

उरला तो शब्द, जो आपल्या प्रश्नात नव्हता आणि ज्याच्यामुळे हे उत्तर लिहावेसे वाटले : 'माणसाळवणे'. रानटी जनावर माणसाला सरावले की ते माणसाळले असे आपण म्हणतो. त्यात 'माणूस' असला तरी जनावर माणूस होत नाही, फक्त माणसाखेरीज राहू शकेनासे होते. या प्रयोगांत खुणा शिकवल्या गेल्या असोत वा पढवल्या गेल्या असोत, कपी माणसाळवले गेले याविषयी कोणाचे दुमत नसावे. वाशोला अमेरिकी हवाई दलाच्या अंतराळ-संशोधनासाठी आफ्रिकेतून पकडून आणले होते. निमला जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईपासून काढून घेतले. १९७७ मध्ये प्रयोग संपल्यावर त्याची रवानगी पिंजऱ्यात झाली आणि १९८२ मध्ये तो वैद्यकीय चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेला विकला गेला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्याची सुटका होऊन तो टेक्सासमधील प्राणी-आश्रयस्थानात गेला व तेथेच २००० मध्ये वारला. 'शिकवणे' म्हटले की शिकवणाऱ्यावर काही जबाबदारी येते, निदान शिष्याला विकता तरी येत नाही. टेरेस यांचा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर धरला, तरी निमवर जे ओढवले त्याचे समर्थन त्यातून निघत नाही, कारण वाक्य रचता येणे ही काही दया मिळण्याची पात्रता-परीक्षा नव्हे. उलट बाजूचे लोकही कधीकधी नकळत हेच मानतात : वाशो बोलत होती, म्हणून तिला कोंडू नये. न बोलणाऱ्यांनी मग काय करावे?

आपण सोबत पाठवलेल्या उताऱ्यात पुढे आणखी एक वाक्य आहे : 'लुसीला आफ्रिकेच्या जंगलात परत सोडण्यात आले.' लुसी ही चिंपांझी अमेरिकेत, बंदिवासात जन्मली, जन्मानंतर दोन दिवसांत एका कुटुंबात आली आणि त्यांची लेक म्हणून वाढली. तिला १९७७ मध्ये गाम्बियात नेले, तेव्हा तिने जंगल पाहिलेले नव्हते. तेथील पाला-फळे खायला तिला शिकवण्यासाठी तिला सांभाळणाऱ्या जॅनिस कार्टर यांना वर्षानुवर्षे तिच्यासोबत राहावे लागले. या वाक्यातील 'परत' हा शब्द कृपया काढून टाकावा.