व्हल्कनमध्ये त्रिकोण काढला, पण कळलं काहीच नाही. ग्राफिक्स प्रोग्रामिंग नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

सी++ येतं, ट्यूटोरियल बघून व्हल्कनच्या हजारेक ओळी लिहिल्या, त्रिकोण उमटला, पण आत काय घडलं ते समजलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते व्हल्कन, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलायची ही लायब्ररी, तूर्त बाजूला ठेवा. त्या हजार ओळींत ग्राफिक्स अगदी थोडं असतं. बाकी सगळा खटाटोप जीपीयूची (ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरची) मेमरी, कमांडच्या रांगा आणि त्यांचा ताळमेळ यांचा.

तोच त्रिकोण सीपीयूवर, एकही ग्राफिक्स लायब्ररी न घेता काढा. 640 × 480 पिक्सेलचा अ‍ॅरे घ्या आणि शेवटी तो पीपीएम फाइलमध्ये लिहा. छोटंसं हेडर आणि पुढं नुसते आकडे, एवढंच ते स्वरूप. पिक्सेलचा मध्य घ्यायचा, म्हणजे एक्स आणि वाय दोन्हींत 0.5 मिळवायचे, आणि प्रत्येक बाजूशी क्रॉस प्रॉडक्ट काढायचा. तिन्ही उत्तरांचं चिन्ह सारखं आलं तर पिक्सेल आत. याच तीन उत्तरांना त्रिकोणाच्या दुप्पट क्षेत्रफळानं भागलं की बॅरिसेंट्रिक सहगुणक, म्हणजे त्या पिक्सेलवर तिन्ही कोपऱ्यांचा किती किती वाटा ते, हातात येतात, आणि त्यांवरून रंग, खोली, टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) सगळं काढता येतं.

आता दोन त्रिकोण जोडून जमीन करा, तिच्यावर बुद्धिबळाच्या पटासारखं टेक्स्चर लावा आणि कॅमेरा तिरका करा. कर्णावर चौकटींच्या रेषा मोडलेल्या दिसतील. ही चूक मुद्दाम होऊ द्या, कारण इथंच खरी गोम आहे. यू आणि व्ही, म्हणजे टेक्स्चरमधली आडवी-उभी जागा, पडद्यावर समप्रमाणात बदलत नाहीत. डब्ल्यू म्हणजे कॅमेऱ्यापासूनची खोली धरली तर यू/डब्ल्यू, व्ही/डब्ल्यू आणि 1/डब्ल्यू तसे बदलतात. ही तिन्ही इंटरपोलेट करून (कोपऱ्यांवरच्या किमतींवरून मधल्या काढून) प्रत्येक पिक्सेलला परत भागाकार करा, रेषा सरळ होतात. पहिल्या प्लेस्टेशनच्या खेळांत भिंतींवरची चित्रं वेडीवाकडी सरकायची, ती हा भागाकार नसल्यामुळेच. जमिनीचा एखादा कोपरा कॅमेऱ्याच्या मागं गेला की डब्ल्यू ऋण होतो आणि चित्र उलटंपालटं होतं. म्हणून क्लिपिंग, म्हणजे कॅमेऱ्यामागचा भाग कापून टाकणं, भागाकाराच्या आधी.

झेड-बफरमध्ये (प्रत्येक पिक्सेलची खोली साठवणाऱ्या अ‍ॅरेमध्ये) दूरचे पृष्ठभाग लुकलुकायला लागले तर आधी निअर प्लेन, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी सगळ्यांत जवळची सीमा, बघा. 0.001 असेल तर 0.1 करा. दूरची सीमा, म्हणजे ‘फार प्लेन’, जवळ आणून फारसा फरक पडत नाही.

रंगांची सरासरी काढण्याआधी ते एसआरजीबीतून (चित्रांच्या फाइलमधल्या नेहमीच्या आकड्यांतून) लिनिअरमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणात, आणा. काळा आणि पांढरा निम्मा-निम्मा मिसळला तर फाइलमध्ये 128 नव्हे, 188 च्या आसपास यायला हवं. हे चुकलं की प्रकाशाची सगळी गणितं बरोबर असूनही चित्र मळकट दिसतं, आणि माणूस भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो.

एवढं झालं की एक छोटा रे ट्रेसर, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र बनवणारा प्रोग्राम, लिहा. पृष्ठभागावर काळे ठिपके आले तर सावलीचा किरण निघतो त्याच पृष्ठभागाला धडकतोय. सुरुवातीचा बिंदू नॉर्मलच्या (पृष्ठभागाला लंब असलेल्या) दिशेनं किंचित सरकवा.

मग ओपनजीएल 3.3, ही व्हल्कनपेक्षा सोपी ग्राफिक्स लायब्ररी. रेंडरडॉक हे चुका शोधायचं साधन लगेच शिकून घ्या. फ्रेम पकडून एकेक ड्रॉ कॉल (काढण्याची आज्ञा) उघडून बघता येतो. अंदाजानं शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) बदलत बसण्यात आठवडे जातात.

व्हल्कनकडं परत याल तेव्हा व्हॅलिडेशन लेयर, म्हणजे तुमच्या चुका दाखवणारा तपासणीचा थर, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. तो नसेल तर चुकीचा बॅरिअर (आधीचं काम संपेपर्यंत पुढचं थांबवणारी आज्ञा) तुमच्या कार्डावर बिनबोभाट खपून जातो आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर पडदा काळाच राहतो.